दारातून परत गेलेला डॉक्टर

परात्मभाव हा शब्द मराठी समीक्षेत रुळून आता बराच काळ लोटला. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या कामात, क्वचित स्वतःच्या देहातही परका होऊन बसतो, त्या अवस्थेला दिलेले हे नाव. हे दुखणे युरोपातले, महायुद्धांनी आणि कारखान्यांनी पोखरलेल्या समाजाचे. आपल्याकडे कुटुंब शाबूत आहे, कुलदैवत आहे, चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी कुलूप काढून मूळ घर उघडतात, तेव्हा आपल्याला त्याची बाधा नाही, असे मत आपल्या सुशिक्षित वर्गात आणि विशेषतः आम्हा डॉक्टर मंडळींत अजूनही आढळते. अलीकडे या मताला एक पुरवणी जोडली जाते. बाधा झालीच असेल तर ती आखातात, पोर्तुगालात किंवा इंग्लंडात गेलेल्या मुलांना झाली आहे. त्यांनी कर्तव्य सोडले म्हणून घरे ओस पडली.

हे मत आणि ही पुरवणी, दोन्ही मला मान्य नाहीत. ज्या साहित्याचा दाखला देऊन हे बोलले जाते ते आपण नीट वाचलेले नाही, असे मला वाटते. त्या कथाकादंबऱ्यांतला सर्वांत प्रसिद्ध परका माणूस घर सोडून गेलेला नाही. घर चालवता चालवता तो परका झाला आहे.

फ्रान्झ काफ्काची 'मेटामॉर्फसिस' ही दीर्घकथा १९१२ साली लिहिली गेली आणि १९१५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ग्रेगोर साम्सा एका सकाळी जागा होतो तो एका मोठ्या किड्याच्या रूपात, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्याच्या पुढचे फारसे कोणी सांगत नाही. ग्रेगोर हा कापडाचा फिरता विक्रेता आहे. वडिलांचा धंदा बुडाला, त्यांचे कर्ज त्याच्या मालकाकडेच आहे आणि ते फेडण्यासाठी हा मुलगा नोकरीला जुंपून घेतो. आणखी पाच-सहा वर्षे राबले की कर्ज फिटेल, मग राजीनामा द्यायचा, असा त्याचा हिशेब. धाकट्या बहिणीला, ग्रेटला, व्हायोलिन चांगले वाजवता येते. तिला संगीतशाळेत घालायचे, हेही त्याने कोणाला न सांगता मनाशी ठरवलेले आहे. आपल्या कोणत्याही गावात असा मुलगा असता तर देवळाच्या सभामंडपात त्याचे उदाहरण दिले गेले असते.

किडा झाल्याचे लक्षात आल्यावर या मुलाला पहिली काळजी कसली वाटावी? पाच वाजताची गाडी चुकली, याची. आजाराचे कारण सांगून घरी राहावे, असे त्याच्या मनात येते. पण मालक विमा संस्थेच्या डॉक्टरला घेऊन येईल, आणि त्या डॉक्टरच्या लेखी जगात सगळी माणसे ठणठणीत असून केवळ कामचुकार आहेत, हेही त्याला ठाऊक असते. हे वाक्य वाचताना आपल्या व्यवसायातल्या माणसाने क्षणभर थांबायला हवे. काफ्का ऐकीव गोष्ट लिहीत नव्हता. १९०८ पासून १९२२ पर्यंत तो प्राग येथील कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कोणाच्या कोणत्या इजेचे किती मोल, हे कागदावर कसे ठरते, ते त्याने रोज पाहिले होते. १९१७ साली त्याला स्वतःला क्षयाचे निदान झाले आणि १९२४ च्या जूनमध्ये व्हिएन्नाजवळच्या एका आरोग्यधामात तो गेला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला हा लेखक आहे.

कथेत आणखी एक डॉक्टर आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. बंद खोलीतून ग्रेगोरचा आवाज विचित्र येऊ लागतो तेव्हा आई घाबरून ग्रेटला डॉक्टरकडे धाडते. त्याच वेळी मोलकरणीला कुलूपवाल्याकडे पिटाळले जाते. खोलीतल्या ग्रेगोरला बरे वाटते. आपल्याला पुन्हा माणसांत घेतले जात आहे, असे त्याला वाटते. पुढे दार तो स्वतःच उघडतो, घरच्यांना त्याचे रूप दिसते आणि डॉक्टरचा विषयच संपतो. त्याला काय सबब सांगून परत पाठवले ते ग्रेगोरला कधीच कळत नाही. त्यानंतर कित्येक महिने, तो मरेपर्यंत, त्या घरात डॉक्टर बोलावला जात नाही. किड्याला डॉक्टर कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरच्यांनी हा आजार आहे की आणखी काही, हे ठरवण्याचे काम डॉक्टरकडे जाऊ दिले नाही. त्यांनी ते स्वतःच ठरवून टाकले, आणि लाजेपोटी ठरवले.

कथेतला सर्वांत निष्ठुर भाग वडिलांनी फेकून मारलेल्या सफरचंदाचा आहे, असे सामान्यतः मानतात. माझ्या मते तो त्याहून बराच आधी, एका शांत परिच्छेदात येतो. ग्रेगोरने पहिली कमाई टेबलावर ठेवली तेव्हा घरचे थक्क झाले होते, आनंदले होते. हळूहळू सवय झाली. त्यांनी पैसे कृतज्ञतेने घेतले, त्याने ते आनंदाने दिले, पण त्या देण्याघेण्यात सुरुवातीची ऊब राहिली नाही. एवढेच. भांडण नाही, अन्याय नाही. किडा होण्यापूर्वीच तो त्या घरात पगाराच्या रूपाने उरला होता, आणि पगार थांबल्यावर पाहण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

हे प्रागमधले. आता सुर्ल्याकडे येतो.

आमच्या डिचोली तालुक्यात सुर्ला, वेळगे, पाळी या पट्ट्यात दोन-तीन पिढ्या लोहखनिजावर जगल्या. शेतीचे गाव खाणीचे झाले. मुलगा वयात आला की बँकेचे कर्ज काढून ट्रक घ्यायचा, खनिज धक्क्यावर पोचवायचे, तिथून ते बार्जने मुरगावला जायचे. ट्रकच्या कपाळावर 'आईवडिलांची पुण्याई' किंवा कुलदैवताचे नाव. त्या ट्रकवर बहिणींची लग्ने झाली, घरांना स्लॅब पडले, भावंडे इंजिनिअर झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. २०१४ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. मग फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे बंद. पुढे लिलाव झाले, काही ठिकाणी काम सुरूही झाले. या निर्णयांचा कायदेशीर वा पर्यावरणीय हिशेब हा माझा विषय नाही. खाणींनी इथल्या विहिरींचे आणि शेतांचे काय केले, तेही आम्ही पाहिले आहे.

माझा विषय अंगणात उभा राहिलेला ट्रक आणि आत बसलेला मुलगा, हा आहे. त्या वर्षांत छातीत धडधड, झोप उडाली, भूक नाही, पाठ दुखते, अशा तक्रारी घेऊन चाळिशीच्या आतबाहेरचे पुरुष येत. तपासण्या बऱ्याचदा निर्दोष निघत. कित्येकांबरोबर आई किंवा बायको येई आणि बोलणे तीच करी. 'घरातच असतो', 'काही बोलत नाही', 'पूर्वी असा नव्हता'. त्यांच्या बोलण्यात काळजी होती आणि काळजीखाली एक अडखळणेही होते. हा माणूस दिवसभर घरात असला की त्याच्याशी काय करावे, ते घराला ठाऊकच नव्हते. त्याचे वडील अनेकदा त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलत. सगळीकडे असे झाले नाही, हे खरे. काही घरांनी आपल्या माणसाला अलगद सावरून धरले, बायका शिवणकाम किंवा खाणावळ काढून उभ्या राहिल्या. पण एरवी कर्तव्यदक्ष म्हणून नावाजलेल्या मुलांना कमाई थांबताच स्वतःच्या ओसरीवर चोरासारखे बसलेले मी पाहिले, तेव्हा काफ्का मला परका वाटेना.

मराठी कादंबरीत हे आले नाही काय? आले, पण उलट्या बाजूने. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. नेमाडे पुढे काही काळ गोवा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्यालाही अगदीच दूरचे नव्हेत. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा बापाच्या पैशावर राहतो, उधळतो, नापास होतो आणि घरी परततो. ग्रेगोर पैसे देतो, पांडुरंग घेतो. दोघांच्याही घरात नात्याची भाषा मात्र हिशेबाची आहे. बाप पाठवलेल्या पैशाचा जाब मागतो, मुलगा त्या जाबातून निसटण्यात तारुण्य घालवतो. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ही कादंबरी वसतिगृहात वाचली आणि तिच्या 'वगैरे'सकट तिची नक्कल केली. तेव्हा ती बंडखोर वाटायची. आता मुले कॉलेजात गेल्यावर वाचली की बापाची बाजू दिसते, आणि मग दोन्ही बाजूंची कोंडी.

त्या कादंबरीत हा हिशेब एका ठिकाणी पार कोसळतो. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. मराठीत मृत्यूवर याहून असह्य पाने थोडी असतील. एरवी सगळ्याची टर उडवणारा हा मुलगा तिथे उघडा पडतो, आणि तो परका झाला होता तो प्रेमाच्या अभावाने नव्हे, हे वाचकाला कळते. आपल्यातल्या ज्येष्ठांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण अजून आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ साली देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे 'कोसला'नंतर जेमतेम बारा वर्षांनी मनीचे मरण अशक्य झाले. आपल्या शास्त्राने साहित्यातला एक मृत्यू कालबाह्य केला, याचा मला अभिमान वाटतो. पांडुरंगाचे घरातले मुकेपण मात्र अजून कालबाह्य झालेले नाही. त्यावर लस नाही, हे म्हणायला सोपे आहे. निदान तरी आपण करतो का, हा प्रश्न आहे.

पेडण्याच्या सीमेपलीकडे, आरवलीचे जयवंत दळवी. त्यांचे 'संध्याछाया' हे नाटक विजया मेहता यांनी सत्तरच्या दशकात रंगभूमीवर आणले. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. मागे उरलेले वृद्ध जोडपे, आणि शेवटी त्यांनी घेतलेला भयंकर निर्णय. या नाटकाला प्रेक्षक रडले आणि मुलांना शिव्या देत घरी गेले. दळवींनी मुलांना खलनायक केलेले नाही, असे माझे वाचन आहे. त्या मुलांना आईवडिलांनीच वाढवले, शिकवले, पुढे जा म्हटले. जे शिकवले ते त्यांनी केले. नाटकाची धार तिथे आहे. आपण ती मुलांच्या कृतघ्नतेवर ढकलून मोकळे होतो, कारण ते अधिक सोयीचे असते.

आल्बेर काम्यूच्या 'परका' (१९४२) या कादंबरीत तर न्यायालयच प्रेक्षकांची ही भूमिका घेते. नायकाने आईला वृद्धाश्रमात ठेवले कारण त्याच्या पगारात तिची शुश्रूषा परवडत नव्हती. आश्रमाच्या संचालकांनाही ते पटलेले असते. पुढे खुनाच्या खटल्यात सरकारी वकील भर देतो तो आईच्या अंत्यविधीत हा रडला नाही, यावर. आपल्याकडे बाराव्याला हीच चौकशी होते, वकिलाशिवाय.

आता कादंबरीच्या बाहेर येतो, कारण याच गोष्टीचा गोव्यातला पुरावा कादंबरीपेक्षा थेट आहे. डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी वार्धक्य आणि मानसिक आरोग्य यांविषयी गोव्यात केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लोकांशी गटचर्चा करून त्यांनी पाहिले की डिमेन्शियाची लक्षणे लोक ओळखतात, पण त्यांना आजार मानत नाहीत. काहींच्या मते ते म्हातारपणच. आणि काहींच्या मते मुलांनी केलेली हेळसांड, छळ किंवा मायेचा अभाव यांचा तो परिणाम. पुन्हा वाचावे असे हे निरीक्षण आहे. मेंदूच्या पेशी झिजतात, आई जेवल्याचे विसरते आणि अंगणात येऊन ओरडते की मला उपाशी ठेवले. शेजार ते ऐकतो आणि सुनेकडे बघतो. आजाराचे रूपांतर दोषारोपात होते आणि दोषारोप झाला की घर दार लावून घेते. ज्या घरावर मायेच्या अभावाचा आरोप आहे ते घर डॉक्टरला बोलावून काय सांगणार? साम्सांच्या घरातला डॉक्टर याच कारणाने जिन्यावरून परत गेला होता.

इथे कर्तव्याची पूजा आणि परात्मभाव एकमेकांचे शत्रू राहत नाहीत. वृद्धाची प्रत्येक अवनती मुलाच्या कर्तव्यात मोजली गेली की मुलगा आईकडे माणूस म्हणून बघू शकत नाही. तो तिच्यात स्वतःवरचा ठपका बघतो. ती त्याला ओळखत नाही, आणि गाव त्याला ओळखू देत नाही.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. आपल्या गोव्यात तर पोर्तुगीजकालीन नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसा नियमांनुसार निम्म्या मालमत्तेवरचा मुलांचा हक्क आईवडिलांना मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. उलट बाजूने २००७ च्या केंद्रीय कायद्याने मुलांना आईवडिलांचा निर्वाह बंधनकारक केला. दरमहा कमाल दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देवविण्याची त्यात तरतूद आहे, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांना या कायद्याचा आधार आहे आणि तो असलाच पाहिजे. आपल्यापैकी काहींनी अशा अर्जांसाठी दाखलेही दिले असतील. पण या कायद्याला जे मागता येते ते ग्रेगोर दर महिन्याला टेबलावर ठेवत होताच.

मग डॉक्टरने काय करावे? समाजसुधारणेचा आव मी आणणार नाही. बाह्यरुग्ण विभागात सकाळी साठ माणसे बसलेली असताना अस्तित्ववादावर चर्चा करता येत नाही, हे मलाही कळते. तरी एक गोष्ट शक्य आहे आणि ती गोव्यात करून पाहिली गेलेली आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाग्रस्तांची काळजी घेणाऱ्यांसाठी घरपोच आधाराचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबे त्यात होती. डॉक्टर नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरी पाठवले गेले. हा आजार आहे, कोणाची चूक नव्हे, हे सांगणे, वागणुकीच्या अडचणींवर साधे उपाय सुचवणे, काळजी घेणाऱ्याचे ऐकून घेणे, असे कामाचे स्वरूप होते. काळजी घेणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणा दिसून आली. नवे औषध नाही, यंत्र नाही. कोणीतरी उंबऱ्याच्या आत गेले, एवढाच फरक होता.

आपल्या तालुक्यात आशासेविका नाहीत अशी सबब कोणी पुढे करील, मनुष्यबळ कमी म्हणेल. ते खरे असले तरी घरभेट ही आपली जुनी पद्धत होती. सायकलवरून किंवा होडीतून रुग्णाकडे जाणारे डॉक्टर आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाहिले आहेत. काफ्काने 'खेड्यातला डॉक्टर' नावाची एक कथा लिहिली आहे. तीत रात्री बोलावून आणलेल्या डॉक्टरचे कपडे गावकरी उतरवतात आणि त्याला रुग्णाच्या अंथरुणात, त्याच्या जखमेशेजारी झोपवतात. कथा दुःस्वप्नासारखी आहे. (घरभेटीला गेलेल्या कोणत्याही डॉक्टरला ती पुरेशी वास्तववादी वाटेल.) उंबऱ्याच्या आत गेले की अलिप्त राहता येत नाही, या भीतीनेच आपण हळूहळू घरभेटी सोडल्या, असा मला संशय आहे.

'मेटामॉर्फसिस'चा शेवट बहुतेकांच्या लक्षात नसतो. ग्रेगोर मेल्यावर आईवडील आणि ग्रेट सुट्टी काढून ट्रामने शहराबाहेर फिरायला जातात. असहाय भासणारी ही तिन्ही माणसे एव्हाना नोकरी वा काम करू लागलेली आहेत आणि त्यांचे बरे चालले आहे, म्हणजे हा सगळा भार एकट्याने वाहण्याची गरज मुळात होती का, हा प्रश्न काफ्का न विचारता विचारून जातो. ऊन पडलेले असते. मुलगी आता वयात आली, तिच्यासाठी चांगला नवरा पाहायला हवा, असे आईवडिलांच्या एकदमच मनात येते आणि ती उठून अंग ताणते. पुढचा भार कोणावर जाणार, ते तिथे ठरते. आपल्याकडे तो सुनेवर किंवा अविवाहित राहिलेल्या मुलीवर जातो, आणि आपल्या दवाखान्यात ती येते ती दुसऱ्या कोणाला घेऊन. केसपेपरवर तिचे नाव नसते. गेली काही वर्षे मी अशा बाईला, म्हातारीची तपासणी झाल्यावर, बाजूच्या स्टुलावर बसायला सांगतो आणि तिच्या नावाचा वेगळा केसपेपर काढतो. बहुतेक जणी आधी नको म्हणतात. मग हात पुढे करतात, आणि रक्तदाबाचा पट्टा आवळत असताना बोलू लागतात.